सशाचे पोट बिघडले, हे कसे ओळखावे?

कुत्र्याच्या पोटात दुखू लागले की तो कण्हतो. मांजर अंगणात जाऊन गवत खाते आणि ओकते. गाईचा रवंथ थांबला तर ते गोठ्यात वावरणाऱ्या माणसाच्या चटकन ध्यानी येते. ससा मात्र यांपैकी काहीच करीत नाही. तो सहसा ओरडत नाही, त्याला उलटी होऊ शकत नाही आणि रवंथ तर तो करीतच नाही. ज्याच्या मागावर कोल्हा, रानमांजर, घुबड असे अनेक शिकारी असतात, त्या प्राण्याला आपले दुखणे उघड करणे परवडत नाही; दुबळा दिसला की तोच प्रथम हेरला जातो. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा स्वभाव घरच्या पिंजऱ्यात आल्याने पालटत नाही. म्हणून सर्वांच्या नजरेसमोर असूनही सशाचे दुखणे बहुधा उशिरा कळते आणि पोटाच्या विकारात काही तासांचा उशीरही त्याच्या जिवावर बेततो.

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी यांसारख्या गावांत ससा बहुधा नातवंडांच्या हट्टाखातर घरी येतो. पुढे नातवंडे शिक्षणासाठी नागपूर-पुण्याची वाट धरतात आणि ससा आजी-आजोबांच्या हवाली होतो. नीट जोपासला तर तो आठ-दहा वर्षे जगतो. एवढ्या काळात तो घरातला सोबती होतो. पहाटे त्याची चाहूल लागली की घर जागे झाल्यासारखे वाटते. असा सोबती एका रात्रीत गेला, तर मागे राहणाऱ्या वृद्ध जिवाला त्याचा चटका खोलवर लागतो. यांतील पुष्कळसे मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. त्यासाठी वैद्यकशास्त्राचे ज्ञान लागत नाही, रोजचे थोडे निरीक्षण लागते. ते कसे करावे, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

आरंभी एक खुलासा आवश्यक आहे. येथे बोलत आहोत ते पाळीव सशाविषयी. तो मूळचा नैर्ऋत्य युरोपातील, जमिनीत बिळे करून राहणाऱ्या सशाचा वंशज होय. आपल्या शेतशिवारात, कोका अभयारण्यात किंवा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात दिसणारा भुरा रानससा ही निराळी जात आहे. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असून तो पकडणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा ठरतो. शेतात त्याचे पिल्लू एकटे आढळले तरी ते उचलून आणू नये. आई बहुधा जवळपासच असते.

अखंड चालणारी गिरणी

सशाचे पोट समजून घेतले की पुढच्या साऱ्या सूचना आपोआप समजतात. तो केवळ वनस्पतींवर जगतो, परंतु गाईसारखे चार कप्प्यांचे जठर त्याला नाही. चावलेले अन्न जठरातून व लहान आतड्यातून पुढे जाते आणि मोठ्या आतड्याच्या तोंडाशी त्याची निवड होते. गवताचे लांब, राठ तंतू पुढे ढकलले जाऊन त्यांच्या गोल, कोरड्या लेंड्या बनतात. बारीक व रसदार भाग मात्र मागे वळून एका मोठ्या पिशवीत साठतो. तिला अंधांत्र म्हणतात. सशाच्या अन्नमार्गातील एकूण ऐवजापैकी जवळपास ४० टक्के ऐवज या एका पिशवीत असतो. तेथे कोट्यवधी उपयुक्त जिवाणू त्या अन्नावर आंबवण्याची क्रिया करतात.

या आंबवणीतून दुसऱ्या प्रकारच्या लेंड्या तयार होतात. त्या मऊ, चकचकीत आणि द्राक्षांच्या लहानशा घोसासारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. ससा त्या बाहेर पडताक्षणी थेट तोंडात घेऊन गिळतो. हे दृश्य पाहून काही घरांत त्याला रागावले जाते, पिंजरा घाईने धुतला जातो. वास्तविक प्रथिने, ब गटातील जीवनसत्त्वे आणि जीवनसत्त्व के यांचा मोठा वाटा त्याला यातूनच मिळतो. ही त्याची घाणेरडी सवय नव्हे. त्याच्या पचनाचा तो दुसरा टप्पा आहे.

ही गिरणी चालू राहते ती राठ तंतूंच्या जोरावर. तंतू कमी पडले, पाणी कमी पडले, कोठे वेदना झाली किंवा भीती बसली, तर आतड्यांची हालचाल मंदावते. आतील ऐवज वाळून घट्ट होतो आणि वायू धरतो. पोट दुखते म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडी आणखी मंदावतात. या दुष्टचक्राला पशुवैद्यक ‘जीआय स्टॅसिस’ म्हणतात. आपण त्याला आतडी थंडावणे म्हणू. पूर्वी याचा दोष पोटातील केसांच्या गोळ्याला दिला जाई. अंग चाटणाऱ्या सशाच्या पोटात थोडे केस नेहमीच असतात आणि आतडी चालती असली तर ते निघूनही जातात. केस अडकून राहणे हा बहुधा आतडी मंदावल्याचा परिणाम असतो.

सकाळची पाच मिनिटे

ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक चपळ असतो. वडीलधाऱ्या मंडळींची पहाटे उठण्याची सवय येथे फार उपयोगी पडते. प्रत्येक सकाळी पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट लेंड्यांची. निरोगी ससा दिवसाकाठी साधारणपणे २०० ते ३०० लेंड्या टाकतो. त्या मोजत बसण्याचे कारण नाही. पिंजऱ्याच्या तळाशी जुने वर्तमानपत्र अंथरले की रोजचा ढीग केवढा असतो, याचा आठवडाभरात अंदाज येतो. लेंड्या आकाराने सारख्या, गोल, फिकट तपकिरी असाव्यात आणि बोटाने दाबताच भुसभुशीत होऊन आत गवताचे तुकडे दिसावेत. नजर अधू असल्यास हातमोजा घालून बोटांनी चाचपले तरी लहान-मोठा आकार कळतो.

दुसरी गोष्ट खाण्याची. रात्री ठेवलेल्या गवतातील किती उरले? आवडती कोथिंबीर पुढे करताच तो धावत येतो का? ती हुंगून त्याने तोंड फिरवले, तर ही साधी बाब समजू नये.

तिसरी गोष्ट पाण्याची. सशाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते. दोन किलोचा ससा म्हणजे १०० ते ३०० मिलिलिटर. उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. नळीच्या बाटलीपेक्षा जड बुडाच्या मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यातून तो अधिक मोकळेपणाने पाणी पितो.

चौथी गोष्ट बसण्याच्या ढबीची. निश्चिंत ससा अंग पसरून लोळतो किंवा पाय आत घेऊन सैलपणे बसतो. पोट दुखत असलेला ससा पाठीला बाक काढून, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात बसतो. कधी पोट जमिनीला दाबून ताणतो आणि पुन्हा जागा बदलतो. दातांच्या आवाजातही फरक असतो. कुरवाळताना हळुवार करकर ऐकू आली तर ते समाधान होय. अंग आक्रसून, मोठ्याने दात खाल्ल्याचा आवाज आला तर ती वेदना समजावी.

पाचवी गोष्ट शेपटीखालच्या भागाची. तो कोरडा व स्वच्छ असावा. तेथे मऊ विष्ठा चिकटलेली असेल, तर एकतर आहारात पिष्ट व गोड पदार्थ जास्त होत आहेत किंवा लठ्ठपणामुळे वा सांधेदुखीमुळे सशाला वाकून तेथवर पोचता येत नाही.

मूत्राविषयीही एक शब्द. पालेभाज्यांतील रंगद्रव्यामुळे सशाचे मूत्र कधी केशरी, कधी लालसर दिसते. तो खेळत-खात असेल तर लगेच घाबरू नये. मात्र मूत्र चुन्याच्या निवळीसारखे दाट येत असेल, करताना तो कुंथत असेल किंवा लाली कायम राहत असेल, तर तपासणी करवून घ्यावी.

हे सर्व भिंतीवरील दिनदर्शिकेच्या चौकटीत एका खुणेने नोंदवून ठेवावे. ‘परवापर्यंत ठीक होता’ आणि ‘काल सकाळपासून लेंड्या निम्म्या झाल्या’ या दोन वाक्यांत डॉक्टरांच्या दृष्टीने फार अंतर असते.

कोणत्या खुणेला किती महत्त्व द्यावे?

सर्वच बदल सारख्या धोक्याचे नसतात. सोयीसाठी त्यांचे तीन गट करू.

*सावध व्हा :* लेंड्या लहान, काळपट किंवा वेड्यावाकड्या होऊ लागणे. केसांनी माळेसारख्या जोडलेल्या लेंड्या येणे. मऊ लेंड्या न खाता पिंजऱ्यात पडून राहणे. गवत सोडून केवळ मऊ पदार्थ खाणे. अशा वेळी ससा खेळता असेल तर गवत व पाणी वाढवावे, गोड व पिठूळ पदार्थ पूर्ण बंद करावेत आणि बारकाईने लक्ष ठेवावे. एक-दोन दिवसांत फरक न पडल्यास दवाखाना गाठावा.

*आजच दवाखान्यात न्या :* काहीही न खाता दहा-बारा तास लोटणे. तेवढ्या काळात एकही लेंडी न पडणे. वर सांगितल्याप्रमाणे बाक काढून बसणे. हनुवटी लाळेने ओली होणे. ‘आज एकादशी करतोय’ असे कौतुकाने म्हणून हसण्याचा हा प्रसंग नव्हे. माणसाला उपवास सोसतो, सशाला सोसत नाही. त्याचे जठर निरोगी अवस्थेत कधीच रिकामे नसते, आणि फार काळ उपाशी राहिलेल्या सशाच्या, विशेषतः लठ्ठ सशाच्या, यकृतावरही दुष्परिणाम होतो.

*क्षणाचाही विलंब नको :* पोट अचानक ढोलासारखे फुगून टणक होणे, पाण्यासारखे जुलाब, कान थंडगार पडून अंग शिथिल होणे, तोंड उघडून श्वास घेणे. फुगलेले पोट हे आतड्यात अडथळा आल्याचे लक्षण असू शकते. चघळलेले प्लास्टिक, गालिच्याचे धागे किंवा केसांचा घट्ट गोळा यांमुळे तो येतो. खरे जुलाब सशात विरळ असतात, म्हणूनच ते आले की गंभीर समजावे. चार-पाच आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लांत ‘कॉक्सिडिया’ नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे जुलाब होतात. ओलसर पिंजरा आणि दाटी यांत तो झपाट्याने पसरतो आणि पिल्लू पाहता पाहता हातचे जाते.

झाडीपट्टीतील आहार : काय चालते, काय नाही

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. येथे चाऱ्याची उणीव नाही. तरीही सशाच्या पोटाचे बहुतेक विकार आहारातूनच उद्भवतात.

सशाच्या ताटात चार हिश्श्यांपैकी तीन हिश्श्यांहून अधिक भाग गवताचा असावा, आणि तो दिवसरात्र समोर असावा. हरळी, मारवेल, पवना ही आपल्याकडची गवते उत्तम. बी धरण्यापूर्वी कापून, सावलीत वाळवून, हवेशीर टोपलीत ठेवली तर वर्षभर पुरतात. कुसळी गवत टाळावे. त्याची अणकुचीदार कुसळे तोंडात रुततात. अनेक घरांत गवताऐवजी धानाची तणस दिली जाते. ती अंथरण्यास ठीक, थोडी चघळली तरी हरकत नाही. पण तिच्यात प्रथिने व चुना अल्प असल्याने मुख्य अन्न म्हणून ती पुरेशी नाही. पावसाळ्यात बुरशी धरलेली, कुबट वासाची तणस तर अंथरायलाही वापरू नये.

हिरव्या पाल्यात कोथिंबीर, मेथी, पुदिना, मुळ्याचा व गाजराचा पाला असे आलटून-पालटून रोज मूठ-दोन मूठ द्यावे. पालक कधीमधी, कोबी-फुलकोबी अगदी थोडी, कारण तिने वायू धरू शकतो. बांधावरचे गवत आणताना त्या बांधीत कीटकनाशक किंवा तणनाशक फवारले नाही ना, याची खात्री करावी. कण्हेर, रुई, धोत्रा, टणटणी, गाजरगवत आणि तलावाकाठी माजणारी बेशरम या वनस्पती विषारी आहेत; गवताच्या भाऱ्यातून त्यांची पाने येऊ देऊ नयेत. कांदा, लसूण आणि बटाट्याचा पालाही वर्ज्य.

चित्रांतल्या सशाच्या हाती नेहमी गाजर असते. प्रत्यक्षात गाजर हे त्याला मिठाईसारखे आहे. एक पातळ चकती पुरे. केळे, सफरचंद यांचाही तुकडा चमचाभर, आणि तोही आठवड्यातून एक-दोनदा. पोळी, भात, पोहे, मुरमुरे, बिस्किटे, हरभरा यांतील पिष्ट अंधांत्रात पोचले की उपयुक्त जिवाणूंचा समतोल ढळतो आणि विषे निर्माण करणारे जिवाणू फोफावतात. आपल्या भागात घरोघरी असणारी लाखोरीही सशापुढे टाकू नये. तिच्या दाण्यांत मज्जातंतूंना अपाय करणारे द्रव्य असते. विकत मिळणारे गोळीखाद्य दर किलो वजनाला दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅम एवढेच द्यावे. आहारात कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

गवताचा आणखी एक उपयोग आहे. सशाचे २८ दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात वर्षाला दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. राठ गवत दळताना ते झिजतात. गवत मिळाले नाही तर दाढांना टोके येऊन जीभ व गाल सोलले जातात. भूक असूनही ससा अन्न तोंडात घेऊन टाकतो, लाळ गाळतो आणि शेवटी आतडी थंडावतात. पोटाची तक्रार वारंवार होत असेल तर दात तपासून घ्यावेत, ते याचसाठी.

ऊन आणि पाऊस

बिळाच्या गारव्यात राहणाऱ्या पूर्वजांचा हा वंशज. त्याला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. हवेचे तापमान ३० अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो आणि आपल्याकडे मे महिन्यात, नवतपाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात तो खाणे कमी करतो, अंगातील पाणी आटते आणि आतडी मंदावतात. पिंजरा पत्र्याच्या छपराखाली किंवा गच्चीवर मुळीच ठेवू नये. घरातील सर्वांत गार खोलीत, कूलरचा थेट झोत लागणार नाही असा ठेवावा. वीज गेली तर खिडकीला ओले गोणपाट लावावे, बसण्यासाठी फरशीचा तुकडा ठेवावा आणि गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी. ससा धापा टाकू लागला तर कानांना साध्या गार पाण्याचा हात लावावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्याने तो दगावू शकतो.

पावसाळ्यातील धोका निराळा. ओल्या अंथरुणात परजीवी वाढतात. शेपटीखाली विष्ठा चिकटली असेल तर तेथे माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडून त्या जिवंत मांस पोखरू लागतात. म्हणून पावसाळ्यात ही तपासणी दोन वेळा करावी. पहिल्या सरींनंतर उगवलेले कोवळे गवत एकदम भरपूर घातल्यानेही पोट बिघडते. वाळलेल्या गवताची सोबत सोडू नये.

पहिल्या तासात काय करावे?

ससा खात नाही असे दिसले की प्रथम घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी. आवडता पाला आणि ताजे पाणी पुढे ठेवावे. कान चाचपावेत. निरोगी सशाचे शरीराचे तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे १०१ ते १०४ अंश फॅरनहाइट असते. कान अगदी थंड लागत असतील तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून कुशीशी ठेवावी. कुशीला कान लावून ऐकावे. निरोगी पोटात अधूनमधून मंद गुडगुड असते. संपूर्ण शांतता किंवा मोठा खळखळाट या दोन्ही गोष्टी बऱ्या नव्हेत. पोट फुगलेले नसेल आणि ससा उभा राहत असेल तर त्याला खोलीत मोकळे सोडावे. चालण्या-फिरण्याने आतड्यांना चालना मिळते. मग पशुवैद्यकांना दूरध्वनी करावा.

काय करू नये, हे त्याहून महत्त्वाचे. फुगलेले पोट चोळू नये. तोंडात बळेच पाणी, दूध किंवा पेज ओतू नये. ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि आतड्यात अडथळा असेल तर पोट फाटण्याचा धोका असतो. पिचकारीने भरवण्याची वेळ येते, पण ते डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच आणि त्यांनी दाखवलेल्या पद्धतीने करावे. ओवा, हिंग, खाण्याचा सोडा, एरंडेल हे आपले घरगुती उपाय सशावर करू नयेत.

घरातील औषधांचा डबा तर दूरच ठेवावा. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही माणसांना सर्रास दिली जाणारी प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या अंधांत्रातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि विषबाधा होऊन तो दगावू शकतो. जुलाब थांबवण्याच्या किंवा वेदनाशामक गोळ्याही आपल्या मनाने देऊ नयेत. पलंगाखाली निसटलेली रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी सशाच्या तोंडी लागू नये, म्हणून गोळ्या बसून, ताटलीवर काढून घेण्याची सवय ठेवावी.

दवाखाना आधीच ठरवून ठेवा

जिल्ह्यात शासनाचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तेथील कामाचा भर अर्थातच गाई-म्हशी व शेळ्यांवर असतो. म्हणून ससा निरोगी असतानाच एकदा जाऊन, सशाची तपासणी कोण करतात आणि अवेळी कोणाशी बोलावे, हे विचारून ठेवावे. अधिक तपासण्यांची गरज भासल्यास नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सेमिनरी हिल्स परिसरातील ही संस्था १९५८ पासून कार्यरत असून आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर. हा प्रवास उन्हाळ्यात पहाटे किंवा सायंकाळी करावा. प्रसंग तातडीचा असेल तर वाहन गार ठेवून लगेच निघावे. खोक्यात टॉवेल व गवत घालावे, झाकणाला भोके असावीत आणि जोडीचा ससा असल्यास तोही सोबत न्यावा. एकटेपणाच्या भीतीनेही खाणे थांबते. आदल्या दिवसाच्या लेंड्या कागदात बांधून न्याव्यात.

डॉक्टर बहुधा वेदना कमी करणारे औषध, सलाइन, आतड्यांना चालना देणारी औषधे आणि तंतुमय आहार यांची योजना करतात. क्ष-किरण चित्रावरून वायू आहे की अडथळा, हे ठरते. वेळीच आलेल्या सशाला बरे होण्याची चांगली संधी असते.

वृद्धांसाठी आणि त्यांच्या काळजीवाहकांसाठी

ससा उचलताना एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली असावा. अधांतरी झाडलेल्या लाथेने त्याचा स्वतःचा कणा मोडू शकतो. कंबर किंवा गुडघे दुखत असतील तर उचलण्याऐवजी खाली सतरंजीवर बसून त्याला जवळ येऊ द्यावे. पिंजरा कमरेच्या उंचीच्या चौरंगावर ठेवल्यास रोज वाकावे लागत नाही. साफसफाईनंतर साबणाने हात धुवावेत. कर्करोगावरील उपचार किंवा स्टेरॉइडची औषधे चालू असणाऱ्यांनी पिंजऱ्याची सफाई दुसऱ्यावर सोपवावी.

स्मरण क्षीण झालेली वडीलधारी व्यक्ती सशाला दिवसातून अनेकदा बिस्किट देते, कारण आधी दिलेले तिला आठवत नाही. तिला अडवल्यास ती दुखावते. त्यापेक्षा काळजीवाहकाने सकाळीच दिवसभराचा पाला एका वाटीत निवडून ठेवावा आणि लाड करायचा तो त्याच वाटीतून, अशी रीत घालावी. माया करण्याचा आनंदही राहतो आणि सशाचे पोटही.

आपले दुखणे बोलून न दाखवणारे जीव घरात आणखीही असतात. ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या आजोबांचे ताट अर्धे परत येऊ लागले, पाणी कमी झाले, चालणे मंदावले, की चांगली सून किंवा परिचारिका शब्दांची वाट पाहत नाही. उरलेल्या ताटावरून ती जाणते. सशाच्या बाबतीत हेच करावयाचे आहे. त्याचे उरलेले गवत आणि पडलेल्या लेंड्या हीच त्याची भाषा.

आज संध्याकाळी एवढेच करावे : पिंजऱ्यात स्वच्छ वर्तमानपत्र अंथरावे, पशुवैद्यकांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीशेजारी चिकटवावा आणि उद्या पहाटे चहाचे आधण ठेवण्यापूर्वी त्या कागदावर एक नजर टाकावी.